मंडळींनी नापास केलेले कप

"ह्याला कावीळ झालीया," सोपानतात्या म्हणाले.

दुकानात त्या वेळी निमगाव केतकीचे एक गृहस्थ उभे होते. मुलाच्या लग्नात वाटायचे कप न्यायला आले होते, आणि तात्यांच्या हातातल्या कपावरून त्यांचाच मुलगा होणाऱ्या बायकोशेजारी उभा राहून हसत होता. गृहस्थांनी दचकून विचारलं, "कुणाला?"

"नवरदेवाला." तात्यांनी कप दाराच्या उजेडाकडं धरला, चष्मा कपाळावर ढकलला आणि एक डोळा मिटला. "डोळ्याचं पांढरं बघा की. पिवळंधमक. आणि नवरीला पंडुरोग हाय. ह्या दोघांचं पुढं कसं व्हायाचं, तुमीच सांगा."

मी घाईघाईनं मध्ये पडून खुलासा केला की आजार कपाला आहे, माणसांना नाही. रंग जास्त भाजला गेला की पिवळसर झाक येते, तिला हे कावीळ म्हणतात. दुसऱ्या अंगाला दाब कमी बसला, म्हणून नवरी फिकी आली. गृहस्थांनी कप हातात घेतला, फिरवला आणि म्हणाले, "मला तर दोघं बी बरी दिसत्यात."

"तुमाला दिसणारच," तात्या म्हणाले. "तुमी बाप हाय."

ते सगळे कप मी पुन्हा केले. गृहस्थ लग्नाच्या आदल्या दिवशी येऊन घेऊन गेले. जाताना माझ्याशी चार शब्द बोलले, तात्यांकडं मात्र बघितलंसुद्धा नाही.

माझं लासुर्ण्यात, बारामती-इंदापूर रस्त्याला लागून, वडिलांपासूनचं फोटोचं दुकान आहे. वडिलांच्या काळात लोक केस विंचरून, पावडर लावून फोटो काढायला यायचे. आता ज्याच्या त्याच्या खिशात हजार फोटो असतात आणि त्यांचं काय करायचं हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून मी ते कपावर भाजून देते. वाढदिवस, बारसं, गुरुजींचा निरोप समारंभ, सगळ्याला कप. पंचेचाळिशी ओलांडली, गुडघे बोलायला लागले, आणि दिवसभर त्या प्रेसपुढं उभं राहून मी लोकांचे चेहरे भाजते.

काम ऐकायला सोपं आहे. खास शाईनं खास कागदावर फोटो उलटा छापायचा. कोटिंग असलेल्या पांढऱ्या कपाला तो कागद टेपनं घट्ट गुंडाळायचा. प्रेसमध्ये एकशे ऐंशी डिग्रीवर तीन मिनिटं ठेवायचा आणि कागद सोलायचा. शाईची वाफ होऊन ती कोटिंगमध्ये शिरते, मग कप घासला तरी फोटो जात नाही. मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेत एवढंच लिहिलंय. कागद सोलल्यावर आतून काय काय निघू शकतं, ते पुस्तिकेत नाही. ते तात्यांच्या वहीत आहे.

तात्या साखर कारखान्यात पॅनमन होते. उसाचा रस मोठ्या बंद कढईत आटवून त्यात साखरेचा दाणा धरवायचा, हे पॅनमनचं काम. मधूनमधून थोडा पाक काढायचा, काचेवर पसरायचा, उजेडाकडं धरायचा आणि दाणा कुठवर आलाय ते नुसत्या डोळ्यानं ठरवायचं. सारी नोकरी त्यांनी काचा उजेडाकडं धरण्यात घालवली. निवृत्त होऊन ते कारखान्याची कॉलनी सोडून स्वतःच्या शेतातल्या वस्तीवर राहायला आले, तेव्हा हातात धरायला काच उरली नाही. मग माझे कप सापडले.

अकराला त्यांची सायकल दाराशी लागायची आणि एकला रस्त्याला लागायची. यात कधी फरक नाही. प्रेसमध्ये त्यांचाच कप असला, घड्याळात चाळीस सेकंद उरलेले असले, तरी एक वाजला की तात्या उठायचे. "तू सोल. मी उद्या बघतो," म्हणायचे आणि टोपी सारखी करून निघायचे. एरवी ह्याच माणसाचं ब्रीद होतं, "घाई करायची न्हाय. घाईनं दाणा फुटतो." मी म्हणायची, तात्या, चाळीस सेकंदांनी काय बिघडतंय? ते सायकलवर टांग टाकायचे. मी त्यांना कामाला ठेवलेलं नव्हतं, हे मला अधूनमधून स्वतःलाच सांगावं लागायचं.

त्यांच्या निदानांनी मी हैराण होते. कपावर पांढरे ठिपके आले की गोवर. भाजताना कागद सरकून चेहऱ्याला दुहेरी कड आली की "डोळं आल्यात." कानाजवळ, म्हणजे कप धरायच्या कडीजवळ, दाब न बसून रंग उडाला की लकवा. आणि एकदा माझ्याकडून फोटो उलटा करायचा राहिला आणि एका बाळाचं नाव कपावर उजवीकडून डावीकडं उमटलं, तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला, टोपी काढली आणि म्हणाले, "ह्ये गेलं."

पण खोटं कशाला बोलू, माणूस औषध शोधून काढायचा. गोवर शेजारच्या गुऱ्हाळाच्या काजळीनं होतो, हे त्यांनीच शोधलं. कप गुंडाळण्याआधी ओल्या फडक्यानं नाही, कोरड्याच फडक्यानं पुसायचा, हेही त्यांचंच. पावसाळ्यात कागद दमट होऊन रंग पसरतो, म्हणून कागद आधी प्रेसजवळ धरून शेकायचा, पापड शेकावा तसा. आणि एकदा पंधरा दिवस माझे कप फिके येत होते. काही चांगले, काही फिके, कशाला काही धरबंध नाही. पुण्याच्या मशीनवाल्याला फोन केला, तो म्हणाला शाई बदला. शाई बदलली. मग म्हणाला कागद बदला. कागद बदलला. तात्या आठवडाभर गप्प बसून वहीत वेळा लिहीत होते. एका दुपारी खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "मोटरी."

शेतीला थ्री फेज लाइट आली की साऱ्या शिवारातल्या पाण्याच्या मोटरी एकदम सुरू होतात. दुकानातलं व्होल्टेज पडतं. प्रेसला धाप लागते, पण तिची आकड्यांची पाटी मात्र एकशे ऐंशीच दाखवत राहते. "पाटीवर इश्वास ठेवायचा न्हाय," तात्या म्हणाले. तेव्हापासून माझ्या दुकानाचं वेळापत्रक उसाच्या पाण्यावर ठरतं. गिऱ्हाइकाला सांगावं लागतं, कप आज नाही, आज मोटरी दुपारच्या आहेत. "रोग कळला की औषध हाय," हे तात्यांचं दुसरं ब्रीद. ते म्हणताना त्यांचा चेहरा असा काही उजळायचा की मला माझे वाया गेलेले कप आठवूनही त्यांचा राग यायचा नाही. निदान पाच मिनिटं तरी यायचा नाही.

आता हे सगळं ते माझ्यासाठी करत असते, तर मी त्यांच्या पाया पडले असते. पण तात्या येत होते ते एकाच कपासाठी, त्यांच्या स्वतःच्या.

गुढीपाडव्याच्या सुमाराला ते पहिल्यांदा दुकानात आले, तेव्हा त्यांच्याकडं निरोप समारंभातला फोटो होता. गळ्यात हार, टोपी हातात, गुळगुळीत दाढी, चेहऱ्यावर आता पुढं काय करायचं असा भाव. "हा कपावर पाहिजे. मंडळींच्या चहाला," म्हणाले. मंडळी म्हणजे त्यांची बायको, इंदूकाकू. मी कप केला. माझ्या मते झकास आला होता. दुसऱ्या दिवशी अकराला सायकल दाराशी.

"मंडळींनी नापास केला."

"का? काय म्हणाल्या?"

"म्हणल्या, ह्यो कोण?"

मी पोट धरून हसले. नवऱ्याचा फोटो बघून असा शेरा मारणारी बाई मला लगेच आवडली. काकूंना मी कधी बघितलं नव्हतं. गुडघे धरलेत, वस्ती सोडून कुठं येत नाहीत, एवढं तात्यांनी सांगितलं होतं. मी दुसरा कप गडद केला. शेरा आला, "कुणाचा हाय त्येला दिऊन टाका." तिसऱ्याला तात्या म्हणाले, भांग उलट्या बाजूला दिसतोय, म्हणून मंडळींना पटत नसणार. त्या फोटोत भांग म्हणावा एवढे केस नव्हते. तरी मी फोटो फिरवून छापला. नापास. मग ताप वाढवला, वेळ घटवली, कागद बदलला, कोटिंगवाले महाग कप आणून बघितले. नापास, नापास.

"मंडळी भारीच कडक हायत की, तात्या."

"लई. पयल्यापास्नं. सोताच्या हातच्या कालवणाला बी नावं ठेवायच्या."

त्यांची वही म्हणजे पॅनवरच्या लॉगबुकासारखी आखलेली. कपाचा नंबर, डिग्री, सेकंद, मोटरी चालू की बंद, रोग, औषध. आणि शेवटचा रकाना फक्त त्यांच्या कपांसाठी होता. त्याच्या डोक्यावर लिहिलं होतं, "मंडळी". त्या रकान्यात वरून खालपर्यंत एकच शब्द होता. एखाद्या ढ मुलाचं प्रगतिपुस्तक असतं तसं ते पान दिसायचं.

"दिवाळीच्या आत पास झाला पायजे," ते गणपतीपासून म्हणायला लागले. "लेक यायाची हाय नाशिकहून. तिच्यादेखत मंडळींनी पास करायला पायजे."

लेकीपुढं मान राहावा म्हणून असेल, असं मी धरून चालले. बायकोपुढं तर तो कधीच गेलेला दिसत होता.

तिसाव्या कपाला माझा तोल सुटला. त्या दिवशी इंदापूरच्या एका शाळेची मोठी ऑर्डर होती, प्रिंटरचं एक नोझल तुंबलं होतं, चेहऱ्यांवर आडव्या रेघा येत होत्या, आणि तात्या माझ्या कोपराशी उभे राहून तिसावा कप उजेडाकडं धरत होते. "नाकाजवळ थोडा लालपणा कमी वाटतुया. आज मंडळी म्हणल्या..."

"तात्या," मी म्हणाले, "कपात काही खोट नाही. एकातही नव्हती. तुमच्या मंडळींनाच एकदा डॉक्टरकडं न्या. फॉल्ट त्यांच्यातच असंल."

तात्यांनी कप पिशवीत घातला. वही मिटली. घड्याळात पावणेएक झाला होता. ते टोपी सारखी करून निघाले. एक वाजायच्या आत तात्या जाताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले, आणि प्रिंटरचं नोझल धुता धुता मला वाटलं, सुटले एकदाची.

दुसऱ्या दिवशी अकराला सायकल आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. पाचव्या दिवशी मी एका वाढदिवसाचा कप सोलला आणि तो दाराशी नेऊन उजेडाकडं धरला. एक डोळासुद्धा मिटला. मग माझी मलाच लाज वाटली. मी तात्यांचा तोच फोटो बाहेर काढला, मोटरी बंद असल्याची खात्री केली, कागद शेकला आणि एकतिसावा कप केला. मनापासून केला. त्यात शोधूनही रोग सापडला नसता. तो घेऊन मी स्कूटरवरून त्यांच्या वस्तीवर गेले.

दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, पुढं अंगण, अंगणात बाज. बाजेवर इंदूकाकू बसल्या होत्या. लहानशा, नीटस, कुंकू ठसठशीत. गुडघे धरल्यासारख्या काही वाटल्या नाहीत, कारण मला बघून चटकन उठल्या. "या बाई, बसा. उन्हाचं आलाय."

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तात्या चुलीपुढं बसले होते, हाताला पीठ. मला बघून त्यांनी हात धुतले आणि बाहेर येऊन उभे राहिले. पुतण्याची बायको माहेरी गेलीय, म्हणाले. ती रोज अकरा ते एक मंडळींजवळ येऊन बसायची. आता कुणी नाही, म्हणून दुकानाला येणं होत नाही.

मला ते ऐकू आलं, पण कळलं नाही. मी आत फळीकडं बघत होते. फळीवर तीस कप होते. सगळ्यांच्या कड्या एका बाजूला, प्रत्येकाच्या बुडाला नंबर, आणि प्रत्येकावर तात्या, हार घातलेले. पिवळे तात्या, फिके तात्या, लालसर तात्या, दुहेरी कडेचे तात्या.

काकू माझ्याकडं सरकल्या आणि आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "ह्ये पाव्हणं लई दिस झालं हितंच हायत. माणूस भला हाय. सैपाक करत्यात, च्या करत्यात, माझी वेणी बी घालून देत्यात. पर कुणाचं हायत, काय कळत न्हाय. तुमच्या वळखीचं हायत का?"

मी तात्यांकडं बघितलं. तात्या जमिनीकडं बघत होते.

"आमचं मालक ड्युटीवर गेल्यात," काकू सांगत होत्या. "सेकंड पाळी हाय. आलं म्हंजी इचारते त्यास्नी. उंच हायत आमचं मालक, आणि मिशा ह्या अशा, काळ्याभोर." त्यांनी दोन्ही बोटांनी ओठावर मिशा काढून दाखवल्या आणि लाजल्या.

मी पिशवीतून एकतिसावा कप काढून त्यांच्या हातात दिला. काय करावं ते मला सुचलं नाही, म्हणून दिला. काकूंनी तो फिरवून बघितला. "चांगला हाय. ह्यो कोण?"

तात्या पुढं झाले. त्यांनी कप घेतला, अंगणातल्या उजेडाकडं धरला, चष्मा कपाळावर ढकलला. "जरा पिवळा आलाय," ते म्हणाले. "न्हवं का गं, मंदा?"

तो कप जराही पिवळा नव्हता. ते मलाही दिसत होतं आणि सारी नोकरी दाण्यावर नजर ठेवून केलेल्या त्या माणसालाही दिसत होतं.

"व्हय तात्या," मी म्हणाले. "पिवळाच आलाय. पाच डिग्री कमी करून बघू."

मला स्कूटरपाशी सोडायला ते आले. मी माफी मागणार होते, त्याआधीच म्हणाले, "तू म्हणलीस त्ये खरं हाय. न्हेलं व्हतं डॉक्टरकडं. पुण्याला बी न्हेलं. रोग कळला. औषध न्हाय म्हणला." थोडा वेळ त्यांनी स्कूटरच्या आरशावरची धूळ बोटानं पुसली. "तिचं काय व्हायाचं न्हाय. म्हणलं, कपाचं तरी व्हतंय का बघावं. लेक म्हणती, आई तुमाला वळखत न्हाय, मग तिला हितं काय आन् नाशकात काय? दिवाळीला आली की घिऊन जाती म्हणती. कपावर वळखलं असतं तर लेकीला सांगाय आलं असतं, वळखती की, म्हणून."

त्या संध्याकाळी घरी जाण्याऐवजी मी दुकानात वडिलांची पेटी उघडली. वडील काही टाकून द्यायचे नाहीत. कारखान्यात नव्यानं लागलेल्या माणसांचे ओळखपत्राचे फोटो त्यांनीच काढलेले, आणि प्रत्येकाची निगेटिव्ह पाकिटात, पाकिटावर नाव. तात्यांकडं तरुणपणचा, मिशांचा फोटो नव्हता. लग्नात कुणी काढला नव्हता आणि ओळखपत्र निवृत्तीच्या दिवशी जमा करावं लागलं होतं. शेवटच्या थरात ते पाकीट सापडलं. निगेटिव्ह दिव्यापुढं धरली, तर पंचविशीतला एक उंच माणूस, कॉलरचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं, आणि मिशा. मला तिथंच रडू आलं. खाली बसले आणि चांगली रडले.

पुतण्याची बायको माहेराहून परत आली, तशी सायकलही अकराला आली. मी तात्यांना फोटो दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "लई माज दिसतुया ह्याला," आणि वही उघडली.

काळापांढरा फोटो सोपा, असं कुणाला वाटत असेल तर वाटो. प्रिंटर राखाडी रंग सगळ्या शाया मिसळून करतो. एकीचा तोल गेला की माणसाचा रंग पालटतो. बत्तिसावा कप हिरवट आला. "शेवाळ धरलंया," तात्या म्हणाले. मी संगणकावर हिरवा ओढून घेतला, तर तेहतिसावा जांभळा. चौतिसाव्याला चेहरा नीट उतरला, पण मिशा तपकिरी. काळा रंग पुरता तापला नाही की तपकिरीवर थांबतो. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि एकदमच म्हणालो, "मोटरी." त्या आठवड्यात लाइट सकाळची होती आणि एकपर्यंत चालायची. तात्यांच्या दोन तासांत मोटरी बंद मिळणारच नव्हत्या.

दिवाळीला चार दिवस राहिले होते. तात्या म्हणाले, "एकनंतर करू."

"आणि काकू?"

"आज सांगून आलोय. पुतण्याची बायको अर्धा तास थांबती म्हणली."

एक वाजला. लांबून, शिवारातून येणारी मोटरींची घरघर थांबली. प्रेस नीट तापू दिली. मी कप आत ठेवला आणि दांडा दाबला. तात्यांनी पाटीकडं पाठ केली आणि डोळे मिटून उभे राहिले. ओठ हलत होते, सेकंद मोजत असणार. मशीन वाजायच्या जरा आधीच म्हणाले, "सोड." मी उघडलं. त्यांनी स्वतः कागद सोलला आणि कप दाराशी नेला. एक डोळा मिटून, फिरवून फिरवून त्यांनी तो बघितला. गोवर नाही, कावीळ नाही, लकवा नाही.

"दाणा बसला," म्हणाले. गरम कप तसाच धोतराच्या सोग्यात गुंडाळून ते गेले.

त्यानंतर ते आले नाहीत. सणाची गर्दी, मलाही मान वर करायला वेळ नव्हता. भाऊबीजेच्या सकाळी मी डब्यात चकल्या आणि करंज्या घेतल्या आणि वस्तीवर गेले. फराळ हे निमित्त होतं. खरं म्हणजे मला त्या शेवटच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघायचं होतं.

अंगणात एक गाडी उभी होती. ओसरीवर भरलेली बॅग. त्यांची लेक सुरेखा बाजेजवळ उभी होती आणि डोळे लाल होते. बाजेवर इंदूकाकू, मांडीवर पदराखाली काहीतरी धरून.

"आई, चल गं. उशीर होतोय."

"मी कुठं यायाची न्हाय, बाई." काकूंनी पदर बाजूला केला. पदराखाली पस्तिसावा कप होता. त्यांनी कपावरच्या माणसाकडं बोट केलं. "ह्ये बघा, आमचं मालक. ड्युटीवर गेल्यात. येतील आन् दाराला कुलूप बघतील, तर काय म्हणतील?"

"अगं, तात्या हायत की घरात."

काकूंनी चुलीच्या खोलीच्या दारात उभ्या राहिलेल्या तात्यांकडं बघितलं, मग लेकीकडं वाकून समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "पाव्हणा माणूस हाय. कितीबी भला असला, तरी घर काय पाव्हण्याच्या जिवावर टाकून जायाचं?"

सुरेखा खाली बसली. मग तिनं डोळे पुसले, उठून बॅग आत नेली आणि मला म्हणाली, "चहा घेऊन जा, मंदाताई. मी उद्या एकटीच निघते."

चहा तात्यांनी केला. मला, सुरेखाला कपबशा दिल्या. काकूंना चहा ओतायला म्हणून त्यांनी पस्तिसाव्या कपाला हात घातला, तशा काकू मागं सरकल्या. "ह्याला हात लावू नका. ह्यो मालकांचा हाय. त्यांच्याबिगर त्यात कुणी प्यायचं न्हाय." मग पाहुण्याला दुखावल्यासारखं वाटलं असावं, म्हणून जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "थांबा की तुमी. मालक आलं की गाठ घालून देते. तुमचं दोघांचं लई जमंल."

"थांबतो," तात्या म्हणाले.

त्यांनी फळीवरून वही काढली, पान उघडलं आणि पस्तिसाव्या कपापुढं, मंडळींच्या रकान्यात, जपून अक्षर काढत लिहिलं, "पास". पाळी संपल्यावर पॅनमन करत असतील तशी खाली सही केली आणि वेळ घातली. मग सतरा नंबरच्या, कावीळ झालेल्या कपात स्वतःपुरता चहा ओतून घेतला आणि बाहेर जाऊन पाहुणे बसतात तसे बाजेच्या कडेला बसले.